प्रोग्राम चालू असेपर्यंत स्क्रीनसेव्हर येऊ नये, यासाठी कोडमध्ये काय करावं?

नमस्कार. तुमची अडचण मला अशी समजली: दवाखान्यातला टोकन नंबर दाखवणारा प्रोग्राम तुम्ही पायथॉनमध्ये लिहिलाय, कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे, 'पडदा जागा ठेव' अशी विंडोजला विनंती करणारं सेटथ्रेडएक्झिक्युशनस्टेट हे फंक्शन कॉल करूनही दहा मिनिटांनी स्क्रीनसेव्हर येतोच, आणि म्हणून दर मिनिटाला कोडमधूनच माउस हलवावा असं तुमच्या मनात आहे.

माउस हलवू नका. फंक्शन तुम्ही बरोबर निवडलंय. घोळ दुसरीकडे आहे आणि तो तुमच्याच एका वाक्यात सापडतो: 'प्रोग्राम सुरू होताना एक वेगळा थ्रेड उघडतो आणि त्यात हे फंक्शन कॉल करतो.' थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, आणि या फंक्शनच्या नावातच 'थ्रेड' आहे. तुम्ही केलेली विनंती विंडोज त्या थ्रेडच्या नावावर लिहून ठेवतं. तुमच्या थ्रेडला तेवढं एकच काम आहे, ते क्षणात होतं, थ्रेड संपतो आणि त्याच्याबरोबर विनंतीही जाते. हाच कॉल मुख्य थ्रेडवरून करा, म्हणजे खिडकी उघडून जो शेवटपर्यंत जिवंत राहतो त्याच्यावरून. थ्रेड पूलवरही, म्हणजे छोट्या कामांसाठी राखलेल्या थ्रेडच्या गटावरही, तो टाकू नका. तिथले थ्रेड कधी राहतात, कधी जातात, आणि मग 'काल चालत होतं, आज चालत नाही' असा प्रकार होतो.

दुसरं, ईएस कंटिन्युअस हा फ्लॅग, म्हणजे विनंती कायम ठेवायला सांगणारा पर्याय, फंक्शनला दिलाय का बघा. तो नसेल तर निष्क्रियतेचं घड्याळ फक्त एकदा शून्यावर येतं आणि पुन्हा धावायला लागतं. तुम्हाला तीन फ्लॅग एकत्र हवेत: कंटिन्युअस, डिस्प्ले रिक्वायर्ड आणि सिस्टम रिक्वायर्ड. पायथॉनमधून विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या सीटाइप्स या मॉड्यूलमधून कॉल केलात की पहिल्यांदा -२१४७४८३६४८ असा ऋण आकडा परत येईल. त्याने घाबरून जाऊ नका. फंक्शन आधीची स्थिती परत देतं, तिच्यातला सगळ्यात वरचा बिट चढलेला असतो आणि पायथॉन त्याला उणे चिन्ह समजतो, एवढंच. शून्य आलं तर मात्र कॉल फसला.

विनंती लागली की नाही हे बघायला दहा मिनिटं ताटकळायची गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी ही कमांड रिक्वेस्ट्स पर्यायासह चालवा. 'डिस्प्ले' या मथळ्याखाली पायथॉनचं नाव दिसलं तर काम झालं. 'नन' दिसलं तर थ्रेडकडे परत वळा. पॉवरक्रिएटरिक्वेस्ट हे विंडोज ७ पासूनचं फंक्शन वापरलंत तर तिथे कारणही लिहिता येतं. 'टोकनचा पडदा चालू आहे' असं लिहून ठेवलंत, तर उद्या मशीन तपासायला येणाऱ्या माणसाला कुणाला विचारावं लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात हे फंक्शन स्क्रीनसेव्हर थांबवत नाही असं लिहिलेलं आहे. माझ्या विंडोज १० आणि ११ च्या मशीनवर डिस्प्ले रिक्वायर्ड दिल्यावर तो आलेला नाही. तरी तुमच्याकडे आलाच, तर खिडकीला येणारा डब्ल्यूएम सिसकमांड हा मेसेज पकडा. त्यात एससी स्क्रीनसेव्ह, म्हणजे स्क्रीनसेव्हर सुरू होतोय अशी सूचना, असेल तर तो पुढे न पाठवता शून्य परत करा. तुलना करण्याआधी खालचे चार बिट मास्क करून, म्हणजे शून्य करून टाका, ते विंडोज स्वतःच्या कामाला वापरतं. हा मेसेज फक्त समोरच्या सक्रिय खिडकीला मिळतो. आणि पासवर्डचा स्क्रीनसेव्हर संस्थेच्या पॉलिसीने लावलेला असेल तर हा मेसेज अडवला तरी तो येणारच. तिथे पॉलिसी लावणाऱ्याशीच बोलायला हवं.

आता माउसऐवजी विंडोजच्या सेटिंग बदलणारं सिस्टमपॅरामीटर्सइन्फो हे फंक्शन वापरून स्क्रीनसेव्हरची सेटिंगच बंद करा, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. मी तेच केलं होतं. एका कार्यालयातल्या काउंटरच्या मशीनवर माझा प्रोग्राम सुरू होताना सेटिंग बंद करायचा आणि जाताना पुन्हा चालू करायचा. सेटिंग कायमची साठवण्याचा फ्लॅगही दिला होता. एके दुपारी वीज गेली आणि प्रोग्रामला 'जाताना'ची वेळच मिळाली नाही. मशीन परत सुरू झालं ते स्क्रीनसेव्हर बंद असलेल्या अवस्थेत, म्हणजे लॉकही बंद. काउंटरवरच्या ताई जेवायला गेल्या की पडद्यावर लोकांची नावं, पत्ते, रकमा तशाच उघड्या. आठवडाभर हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून वापरणाऱ्याची सेटिंग मी बदलत नाही. विनंती केली तर प्रोग्राम कसाही मेला, अगदी टास्क मॅनेजरमधून मारला, तरी विंडोज ती स्वतः काढून टाकतं.

माउस हलवण्याचा तोटाही याच जातीचा आहे. खोट्या इनपुटमुळे माणूस जागेवर आहे असं सगळ्याच प्रोग्रामना वाटतं, आणि निष्क्रियता बघून आपोआप लॉगआउट करणारं दवाखान्याचं सॉफ्टवेअर उघडंच राहतं. रुग्णांची माहिती असलेल्या मशीनवर हे अजिबात नको.

विनंती ओपीडीच्या वेळेपुरतीच ठेवा. शेवटचं टोकन झालं की त्याच मुख्य थ्रेडवरून फक्त कंटिन्युअस देऊन कॉल करा, ती सुटते. पुढेमागे लिनक्सवर गेलात तर डी-बसवर, म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या तिथल्या सोयीवर, फ्रीडेस्कटॉपच्या स्क्रीनसेव्हर सेवेत इनहिबिट ही मेथड आहे. ती एक नंबर देते, तो जपून ठेवायचा आणि सोडताना अनइनहिबिटला परत द्यायचा.

पडदा ओएलईडी टीव्हीचा असेल तर टोकनचा आकडा दर काही मिनिटांनी थोडा इकडेतिकडे सरकवा. स्क्रीनसेव्हर आपण थांबवलाय, तेव्हा एकाच जागी डाग पडू नये याची काळजी आता तुमच्या प्रोग्रामने घ्यायची. थ्रेड बदलूनही पॉवरसीएफजीमध्ये 'नन'च दिसलं तर कॉलची ती ओळ आणि तिच्या आसपासचा कोड इथे टाका, मी बघतो.