डिप्लोमसी हा बोर्ड गेम नवख्यांना शिकवताना आधी कोणत्या ओपनिंग सांगाव्यात?

एकही नाही. डिप्लोमसीत सात जण युरोपातला एकेक देश घेतात, आपापसात बोलून मदत ठरवतात आणि मग सगळे आपल्या चाली चिठ्ठीवर लिहून एकदम उघडतात; ओपनिंग म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. पहिल्याच डावाआधी नवख्याच्या हातात ओपनिंगचा कागद ठेवला की तो बोलायचंच विसरतो. हे तिडकीनं लिहितोय, कारण माझा पहिला डाव असाच गेला.

पुण्यात हॉस्टेलला असताना एका सिनियरनं हा खेळ आणला. सात जण जमवले, त्यातले चौघे अगदी नवे, आणि तो स्वतः पंच. प्रत्येकाला त्यानं आपापल्या देशाची ओपनिंग लिहून दिली. माझ्याकडे ऑस्ट्रिया. ट्रिएस्टची फ्लीट (आरमार) अल्बानियात, बुडापेस्टची आर्मी सर्बियात, व्हिएन्नाची गॅलिशियात. बाकीचे जिन्यात, गच्चीवर जोडीजोडीनं बोलत होते आणि मी तो कागद समजून घेत बसलो होतो. इटलीवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी म्हटलं, "थांब, नंतर बोलू."

खेळ १९०१ सालापासून सुरू होतो आणि दर वर्षी चालींच्या दोन फेऱ्या, स्प्रिंग आणि फॉल. १९०१ च्या स्प्रिंगच्या चिठ्ठ्या उघडल्या. गॅलिशियात रशियाशी टक्कर, व्हिएन्नाची आर्मी जागच्या जागी. आणि मी रिकाम्या केलेल्या ट्रिएस्टमध्ये व्हेनिसहून आलेली इटलीची आर्मी.

तरी डाव वाचला असता. फॉलमध्ये इटलीनं दुसरी आर्मी समुद्रातून ट्युनिसला नेली, म्हणजे ट्रिएस्टमधली एकटी पडली. मी चिठ्ठीवर लिहिलं, "व्हिएन्ना ते ट्रिएस्ट", आणि खाली, "अल्बानियाचा सपोर्ट". सपोर्ट म्हणजे दुसऱ्या आर्मीच्या किंवा फ्लीटच्या चालीला आपलं बळ जोडणं. कुणाला सपोर्ट, कुठे जायला, ते लिहिलंच नाही. पंचानं ती ओळ पेन्सिलीनं खोडली. एकास एक बळ, आर्मी परत व्हिएन्नात, ट्रिएस्ट गेलं. १९०३ संपायच्या आत नकाशावर माझं काही उरलं नव्हतं. पंचाचा निर्णय नियमाला धरूनच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण सात देशांच्या ओपनिंग लिहिणाऱ्यानं सपोर्टची एक ऑर्डर कशी लिहायची ते कुणालाच दाखवलं नव्हतं. त्या चौघांतले दोघे पुन्हा कधी खेळायला आले नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं.

तो सिनियर आजही म्हणतो, तू ओपनिंग नीट समजून घेतली नाहीस. मला हे साफ अमान्य आहे. अॅलन कॅलहॅमरनं १९५४ मध्ये हा खेळ रचला तो फाशांशिवाय. बळ सारखं असेल तर कुणीच पुढे सरकत नाही. सुरुवातीला प्रत्येकाकडे तीन युनिट (आर्मी किंवा फ्लीट), फक्त रशियाकडे चार, आणि जिंकायला ३४ पैकी १८ सप्लाय सेंटर (नकाशावरची ठाणी, जितकी ताब्यात तितकी युनिट ठेवता येतात) लागतात. दुसऱ्याच्या मदतीशिवाय तिथपर्यंत कुणी पोचत नाही. मग आधी शिकवायचं काय, तर मदत मागायला आणि ती चिठ्ठीवर बिनचूक लिहायला.

मी आता पहिला अर्धा तास फक्त ऑर्डर लिहून घेतो. "फ्लीट अल्बानिया, आर्मी व्हिएन्नाला ट्रिएस्टमध्ये जायला सपोर्ट." सपोर्ट देणाऱ्यावरच हल्ला झाला तर तो सपोर्ट कसा तुटतो, हे बोर्डावर युनिट मांडून दाखवतो. मग सांगतो की सहाही जणांशी बोल, तुर्कस्तान असलास तरी इंग्लंडशी बोल. "आपण मित्र" एवढ्यावर उठू नकोस. "तुझी वॉर्सॉची आर्मी कुठे चालली आहे?" असं थेट विचार.

दग्याबद्दल नवखे हमखास विचारतात. एका सेंटरसाठी दगा देऊ नये. त्याच वर्षी दोन-तीन सेंटर मिळत असतील आणि समोरच्याला लगेच उलटता येणार नसेल, तरच. नाहीतर पुढचा सगळा डाव तुमच्याशी कुणी बोलत नाही.

हे समोरासमोर बसून खेळण्यापुरतं आहे. ऑनलाइन, न बोलता खेळायच्या डावात ओपनिंग माहीत असाव्याच लागतात. आणि तिसऱ्या-चौथ्या डावापासून मीही लेपँटो (इटलीची एक ओपनिंग) वगैरे शिकवतो.

पूर्ण डावाला पाच-सहा तास सहज जातात, म्हणून नव्यांबरोबर १९०६ ला थांबायचं आधीच ठरवा. त्यांना फ्रान्स किंवा तुर्कस्तान द्या. ऑस्ट्रिया मी स्वतःकडे ठेवतो.