नागपूरहून पहिल्यांदाच कोकणात जातोय, चार दिवसांत एखादं छोटं गाव नीट कसं समजून घ्यावं?

मालवणला सगळेच जातात, तुम्ही वेंगुर्ल्यात मुक्काम टाका. सावंतवाडी स्टेशनवर उतरून एसटी पकडायची.

पहिला दिवस फक्त पायी फिरा: बंदर, मासळीबाजार, सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष. जून-जुलैत मात्र जाऊ नका, तेव्हा यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि बंदर ओस पडतं. इथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती काढल्या आहेत. आपण संत्र्यावाली माणसं, त्यामुळे कलमांच्या गप्पा तिथे लगेच जुळतात!

मग शिरोडा. १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. मिठागरं बघाच, आपल्याकडे मीठ पुडीतच दिसतं. परतताना सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गोल गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते.

दिवाळीनंतर गेलात तर गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार हे लोकनाट्य चालतं. एक रात्र त्यासाठी ठेवाच, बाकी काही सुटलं तरी चालेल. मालवणी संवाद पहिला तासभर डोक्यावरून जातात, नंतर कान बसतो.

जेवणाचं म्हणाल तर सावजीवर वाढलेल्या जिभेला सोलकढी आधी मिळमिळीत लागते. तिसऱ्या दिवशी मी दुसरी वाटी मागत होतो.