दलाल म्हणतो, ‘वरचे पैसे माझे’

प्रश्न : आर्वी तालुक्यात माझ्या एकटीच्या नावावर तीन एकर वावर आहे. ते विकायचं गावातल्या ओळखीच्या दलालाला सांगितलं. ‘एकरी नऊ लाखांच्या वर कोणी देत नाही’ म्हणून त्याने इसारचिठ्ठीवर माझी सही घेतली आणि दोन लाख दिले. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी होती. आता कळलं की त्याने वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याशी एकरी बारा लाखांत सौदा केला आहे. माझ्याकडून दोन टक्के दलालीही हवी आहे. विचारलं तर म्हणतो, ‘वरचे पैसे दलालाचेच, हा रिवाज आहे.’ रजिस्ट्री पुढच्या महिन्यात आहे. काय करू?

उत्तर : ताई, या रिवाजापायी आपल्या भागात किती घरांचे पैसे गेले असतील! पण कायदा तो मानत नाही. तुमची बाजू चांगली आहे, फक्त आता घाई करू नका आणि नवीन कशावरही सही करू नका.

त्याने तुमच्याकडे दोन टक्के मागितले, हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. स्वतः जमीन घेणारा माणूस विकणाऱ्याकडे दलाली मागत नाही. दलाली मागितली म्हणजे तो तुमच्या वतीने काम करत होता, आणि अशा माणसाला भारतीय करार कायदा, १८७२ बांधतो. कलम २१३ प्रमाणे त्याने तुम्हाला हिशेब दिला पाहिजे. तुमच्या नकळत स्वतःसाठी व्यवहार करून कमावलेला फायदा कलम २१६ खाली तुम्ही मागू शकता, इथे तो एकरी तीन लाखांप्रमाणे नऊ लाख होतो. ज्या कामात त्याने गैरवर्तन केलं, त्याच्या दलालीवर कलम २२० प्रमाणे त्याचा हक्क उरत नाही.

आता ती कोरी जागा. तिथे त्याने स्वतःचं किंवा साळ्या-मेव्हण्याचं नाव घातलं असेल, तर कलम २१५ बघा. मालकाने विकायला सांगितलेली मालमत्ता एजंटने दुसऱ्याच्या नावाने स्वतःच घेतली, हेच उदाहरण त्या कलमाखाली दिलेलं आहे. महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली असेल, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. पण तिथे व्यापाऱ्याचं नाव असेल आणि त्याला यातलं काही माहीत नसेल, तर सौदा मोडण्याच्या भानगडीत पडू नका. तो करारपूर्तीचा दावा लावू शकतो. त्याला थेट भेटा, किती कबूल केलं आणि दलालाला किती दिलं ते विचारा, आणि पूर्ण छत्तीस लाख खरेदीखतात लिहून घ्या. तो शेतकरी आहे का, हेही बघा. काही अपवाद सोडले तर विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

‘महारेरात तक्रार करा’ असं तुम्हाला कोणी सांगेल. रेरा कायदा बिल्डरच्या लेआउट-फ्लॅटच्या प्रकल्पांसाठी आहे. तिथल्या एजंटला कलम ९ खाली नोंदणी लागते, कलम १० खाली गैरव्यवहाराला मनाई आहे आणि खरेदीदाराला कागदपत्रं मिळवून देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. शेतीच्या दलालाला अशी नोंदणी नाही, म्हणून तुमचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. कागद बघून फसवणुकीची फिर्याद होते का (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८), तेही वकील सांगतील.

खर्चाची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या. सोबत सातबारा, दोन लाख कसे मिळाले त्याची नोंद आणि दलालाचे मोबाईलवरचे मेसेज न्या. इसारचिठ्ठीची प्रत नसेल, तर दलाल आणि व्यापारी दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून मागा, त्याच नोटिशीत हिशेबही मागा. मुखत्यारपत्रावर सही केली असेल, तर ते वकिलांना सर्वांत आधी सांगा. रजिस्ट्रीपूर्वी ते नोंदणीकृत दस्ताने रद्द करून व्यापाऱ्याला कळवावं लागेल.