गोचीड उडी मारते का? तिला जनावर सापडतं कसं?

उडी मारत नाही, उडत नाही, झाडावरून टपकतही नाही. आमचे भासरे, म्हणजे मोठे दीर, अजून म्हणतात, निंबावरून पडते. त्यापायी कोठ्यावरचा सावलीचा निंब छाटून टाकला त्यांनी. गोचिडी होत्या तेवढ्याच राहिल्या.

गोचिडीची बारीक पिल्लं गवताच्या पात्यावर चढतात आणि पुढचे पाय हवेत पसरून बसतात. त्या पायांच्या टोकाशी वास घेणारा खळगा असतो. ढोराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, सगळं त्यातून कळतं. ढोर घासून गेलं की पाय केसात अडकतो. काही जाती तर जमिनीवरून चालत ढोराकडे येतात. मग कानात, कासेजवळ, शेपटीखाली तोंड रुतवायचं. तोंडाला उलटे काटे असतात, वरून लाळ डिंकासारखी घट्ट होते, म्हणून झटक्यानं उपटली की तोंड आतच राहू शकतं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ती कोठ्याच्या भिंतीत. आमच्या जर्सीला ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली, दूध आटलं. डॉक्टरांनी थायलेरिया हा आजार सांगितला, तोही गोचिडीमुळेच होतो. इंजेक्शनानं वाचली बिचारी. तरी भासरे घासलेटचा बोळा घेऊन गाईलाच पुसत होते, तिची कातडी सोलून निघाली. मी खुरप्यानं भिंतीचा सुटलेला पोपडा काढला. आत गाईवरून उतरलेली, सुरकुतलेली मादी, आणि तिच्यापुढे तपकिरी, चमकदार अंड्यांचा ढीग. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. भासऱ्यांना बोलावून दाखवलं, तर म्हणे, "ढोर आहे तिथं गोचीड राहणारच."

का म्हणून राहणार? मी भेगा लिंपून घेतल्या, गव्हाणीखालचं जुनं कुटार बाहेर नेऊन जाळलं, गाईवर आणि कोठ्यात एकाच दिवशी औषध मारलं. नवी पिल्लं निघतात म्हणून काही दिवसांनी पुन्हा मारलं. नुसत्या गाईवर फवारणं म्हणजे पैसा पाण्यात. भासरे म्हणतात, पाऊस कमी झाला म्हणून गोचिडी गेल्या. मग शेजारच्या कोठ्यात का नाही गेल्या?

हो, औषधाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा, दुभती गाय असेल तर नक्कीच. अंग वाळेपर्यंत तिला चाटू देऊ नका. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. आमच्याकडच्या गवळाऊ या देशी गाईंना जर्सीपेक्षा गोचिडी कमी लागतात, पण भिंत त्यांच्याही कोठ्याची पाहा.