फ्लेक्स पाठ झालाय, पण बास्केट होत नाहीये

प्रश्न: मी शाळेच्या मुलींच्या टीमला बास्केटबॉल शिकवते. दोन महिने घासून फ्लेक्स ऑफेन्स (पास, स्क्रीन आणि कटची ठरलेली साखळी, एका बाजूला झाली की दुसऱ्या बाजूला पुन्हा तीच) बसवला, झोपेतून उठवलं तरी कोणी कुठे पळायचं ते सांगतील. पहिल्या तीन मॅच मस्त गेल्या, आता समोरच्या टीमला सगळं आधीच कळतं, टॉपवरचा, म्हणजे बास्केटपासून लांब समोर उभ्या दोन गार्डमधला पास अडवतात आणि आमच्या मुली फिरत राहतात नि शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारी ठरलेली वेळ) संपतो. पॅटर्न बदलू का?

उत्तर: नका हो बदलू! मुली पॅटर्न पूर्ण करायला पळतायत, बास्केट करायला नाही, खरी अडचण तिथे आहे. असे फिरते ऑफेन्स रुळले तेव्हा अमेरिकेत कॉलेजच्या खेळात शॉट क्लॉकच नव्हता, ओक्लाहोमाचे कोच ब्रूस ड्रेक यांचा शफल नावाचा ऑफेन्स त्याच काळातला. तिथे पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलला क्लॉक आला १९८५-८६ ला, तोही ४५ सेकंदांचा. तोवर डिफेन्स चुकेपर्यंत फेऱ्या मारत बसलं तरी चालायचं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमाने तुमच्याकडे २४ सेकंद, त्यातले काही बॉल पुढे आणण्यातच जातात, म्हणजे जेमतेम दोन-तीन रिव्हर्सल (बॉल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणं).

आधी कॉर्नरवरच्या मुलीकडे नीट बघा. टॉपवरचा पास सुटला की ती लगेच पळत सुटते का? तेव्हा स्क्रीनवाली (डिफेंडरची वाट अडवायला उभी राहणारी आपली मुलगी) अजून हलत असते आणि डिफेंडर आरामात मधून निघते. तिला थांबायला लावा, एक पाऊल उलटीकडे टाकून मग स्क्रीनच्या कंबरेला खांदा घासत जायला सांगा. डिफेंडर स्क्रीनच्या वरून आली तर बेसलाइनने (बास्केटमागच्या रेषेच्या बाजूने) कट, खालून घुसली तर वरून. हे तिने बघून ठरवायचं, तुम्ही साइडलाइनवरून ओरडून नाही.

आता तो अडवलेला पास. मला तर तो बघून आनंदच होतो, कारण फ्लेक्समध्ये पोस्टवाली (बास्केटजवळ उभी राहणारी) बॉलच्या बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूचा ब्लॉक, म्हणजे बास्केटजवळची जागा, रिकामा पडलेला असतो. बॉलवालीने सरळ त्या अडवलेल्या गार्डकडे ड्रिबल करत जायचं, गार्डने बॅकडोअर कट मारायचा, म्हणजे डिफेंडरच्या पाठीमागून बास्केटकडे पळायचं, बाउन्स पास, लेअप. एका मॅचमध्ये दोनदा झालं ना की अडवणारी आपोआप मागे सरकते.

आणि कटरला थांबवायला स्क्रीनवालीची डिफेंडर मदतीला गेली तर डाऊनस्क्रीन (वरून खाली येऊन दिलेला स्क्रीन) घेऊन वर येणारी स्क्रीनवाली मोकळी असते, तिला तिथून शॉट मारायची परवानगी आहे हे स्पष्ट सांगा, बऱ्याच मुली कोच रागावेल म्हणून पुढचा पास देऊन टाकतात. डिफेंडर्सनी स्विच केलं, म्हणजे आपापल्या मुली बदलून घेतल्या, तर तिने वर न येता छोट्या डिफेंडरला पाठीवर घेऊन आतच बॉल मागायचा.

डिफेन्सशिवाय पाच जणींना फिरवायची प्रॅक्टिस काही दिवस बंदच करा. अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळवा, डिफेन्सवाल्यांच्या कानात सांगा यावेळी वरून जायचं की खालून की स्विच करायचं, आणि मोकळा लेअप सोडून कोणी पुढचा पास दिला की तिथेच शिट्टी वाजवून तिलाच विचारा, तुझी डिफेंडर आत्ता कुठे होती?