सुरू करताना एका वेळी एकच

प्रिय मुली,

रिपोर्ट आणि सोबतची यादी वाचली. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) खाली, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वर, पाळी पुढेमागे, केस गळतात, आणि रोज सकाळी पाच बाटल्यांतून पाच कॅप्सूल. थायरॉइड वाढलाय का, म्हणजे गरजेपेक्षा जास्त काम करतोय का, असं विचारतेस. या कागदावरून ते मलाही सांगता येणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही, कारण पाचही बाटल्या तू एकाच आठवड्यात उघडल्यास.

केसांची बाटली फिरवून मागची बाजू बघ. बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. हे जास्तीचं बायोटिन थायरॉइडच्या वाटेला जात नाही, ते तपासणीत घोळ घालतं. बऱ्याच यंत्रांमध्ये संप्रेरक धरणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) बायोटिनची शेपटी असते आणि त्या शेपटीने तो स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) लावलेल्या कणांना चिकटतो. तुझ्या रक्तातच बायोटिनचा पूर आला की चिकटायच्या जागा तेच अडवून बसतं आणि संकेत क्षीण होतो. टीएसएचच्या चाचणीत क्षीण संकेत म्हणजे कमी संप्रेरक, म्हणून आकडा खोटा खाली. टी-४, इस्ट्राडायोल (स्त्रीसंप्रेरक), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) यांच्या चाचण्या बहुतेक उलट्या धाटणीच्या, तिथे क्षीण संकेत म्हणजे जास्त संप्रेरक, म्हणून आकडा खोटा वर. कागदावर हुबेहूब वाढलेला थायरॉइड! अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २०१७ साली याबद्दल जाहीर इशाराही दिला होता.

एवढंच असतं तर दोन ओळींत पत्र संपलं असतं. पण तू अश्वगंधाही घेतेस, आणि ती काही जणींमध्ये थायरॉइडची संप्रेरकं खरोखर वाढवते. शिवाय केल्प. ते समुद्री शेवाळ, म्हणजेच आयोडीन. गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅमची, आणि केल्पमध्ये ते किती निघेल याचा भरवसा नाही. आयोडीन अति झालं की कोणाचा थायरॉइड वर जातो, कोणाचा खाली. एका आकड्यामागे तीन संशयित उभे केलेस तू. एका वेळी एकच, हे मी उगाच घोकत नाही.

मी ताठर आहे म्हणतात. असेन. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काही होणारच नसेल तर घेतेस कशाला? आणि होणार असेल तर मोजायचं कसं, ते आधी ठरव. बाटल्यांची चौकशी न करता नुसता रिपोर्ट वाचायची सवय मलाही होती. त्याची लाज वाटते, म्हणून आता आवाज चढतो.

आता कर काय, तर पाचही आजच बंद. बंद करताना एकदम चालतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र बंद करायचं नाही. तीन दिवस थांब आणि त्याच लॅबमध्ये टीएसएच, फ्री टी-४ पुन्हा कर. रक्त देताना बायोटिन घेत होतीस हे सांग. तीनच दिवस का? तेवढ्यात बायोटिन बहुतेक निघून जातं, पण टी-४ निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. आकडे सरळ आले तर गुन्हेगार बायोटिन. तसेच राहिले तर वाढ खरी असू शकते, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा आठवड्यांनी पुन्हा. मधेच धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं दिसलं तर हे वेळापत्रक बाजूला ठेव आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

पाळीच्या चाचण्यांचं वेगळं. एफएसएच, एलएच (अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं) आणि इस्ट्राडायोल पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक) एकविसाव्या दिवशी, हे अठ्ठावीस दिवसांच्या चक्रापुरतं खरं. तुझं चक्र पस्तीसचं असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. चेस्टबेरी (पाळीसाठी घेतात ती वनस्पती) प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, खाली ओढू शकते, म्हणून ती चालू असताना आलेल्या प्रोलॅक्टिनच्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

आकडे हाती आल्यावर काही घ्यायचंच असेल तर तुझ्या यादीत मला त्यातल्या त्यात इनोसिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) पटतं, तेही पीसीओएसचं (अंडाशयाच्या संप्रेरकांच्या बिघाडाचं) निदान झालं असेल तरच. पुरावा तिथेही बेताचाच आहे. रोज ४ ग्रॅम, दोन वेळांत विभागून, निदान तीन महिने. सोबत दुसरं काही नको. वहीत तारीख, मात्रा आणि पाळीचा दिवस लिहीत जा.

मैत्रीण डीएचईए नावाचं संप्रेरक सुचवतेय म्हणालीस. त्याचं शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन होतं, मुरुमं आणि चेहऱ्यावरचे केस त्यातूनच येतात. नाही म्हणून सांग. मन उदास असतं म्हणून सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पतीही आणशील, तर गर्भनिरोधक गोळ्या त्याने निकामी होऊ शकतात.

नव्या रिपोर्टसोबत पाचही बाटल्यांचे फोटो पाठव. मागच्या बाजूचे, मात्रा वाचता येतील असे.