संघटनेचा राजकीय निधी आणि सभासद

प्रश्न : मी एका साखर कारखान्यात काम करतो. कामगार संघटनेचे सभासद झाल्यास तिच्या राजकीय निधीला वर्गणी द्यावीच लागते का?
— एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : नाही. 1926च्या कामगार संघटना कायद्याने राजकीय कामासाठीचा निधी सर्वसाधारण निधीपासून वेगळा ठेवून त्याची वर्गणी ऐच्छिक ठरवली. ती न देणाऱ्या सभासदाला, त्या निधीच्या व्यवस्थापनापुरता अपवाद सोडल्यास, संघटनेचे कोणतेही लाभ नाकारता येत नाहीत. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच तरतूद आहे. या निधीतून निवडणूक खर्चाबरोबरच मतदारनोंदणीलाही मदत करता येते, आणि हंगामी कामगारांच्या दृष्टीने मला तेच काम अधिक मोलाचे वाटते. वर्गणी देण्याचा निर्णय आपला आहे. वार्षिक सभेला मात्र अवश्य जा, हिशेब मागा, कारण तिथे प्रश्न विचारायला शिकलेला कामगार गावच्या ग्रामसभेतही गप्प बसत नाही.